आईचे धवले, दोन हार्ड डिस्कवर

कॉम्प्युटरचं झाकण उघडलं तेव्हा आत पालीची अंडी होती, पंख्याच्या कडेला चिकटलेली. मी ओरडले नाही, कारण पलीकडे खाटेवर आई पडून होती. पण स्क्रू-ड्रायव्हर हातातून सुटला आणि मी पडवीच्या दारापर्यंत मागे सरकले. पालीला मी भिते, विजेला भिते, होडीत बसायला भिते आणि मशीनच्या पोटात काय असतं ते बघायला तर त्याहून भिते. पडवीतलं झेरॉक्सचं दुकान मी बरीच वर्षं चालवते आहे. सातबारे काढते, शिष्यवृत्तीचे अर्ज भरते, शनिवार-रविवारी येणाऱ्या बंगलेवाल्यांची बोटीची तिकिटं छापून देते. पण त्या डब्याशी माझा संबंध बटणापुरता. सकाळी बटण दाबायचं, दिवा लागला की हात जोडायचे.

तरी त्या दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन मी तो उघडायला बसले होते. आईचा आवाज परत ऐकायचा तर दुसरा रस्ताच उरला नव्हता.

आई म्हणजे माझी सासू. ती धवलारीण. आमच्या आगरी घरांत भटजी येतो तो नंतर. त्याआधी हळदीपासून उंबराची फांदी आणण्यापर्यंतचं सगळं धवलारीण गाऊन करून घेते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. आमच्याकडचे धवले कुठे लिहिलेले नाहीत. एक बाई पुढे बसून ओळ उचलते, दुसरी तिच्या मागे बसून त्या ओळीचं शेपूट धरते आणि ओढत नेते, तेवढ्यात पुढची श्वास घेते आणि नवी ओळ उचलते. खाडीपलीकडच्या गावांतूनसुद्धा आईला बोलावणं यायचं, आणि मी लग्न होऊन या घरात आल्यापासून तिच्या मागे बसणारी मीच. मला त्यात कधी काही अवघड वाटलं नाही. पुढे भक्कम बाई असली की मागून गाणं म्हणजे चालत्या बैलगाडीत बसणं.

गणपतीच्या आधी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडाफार सावरला, बोलणं मात्र गेलंच. सगळ्याला मिळून एकच शब्द उरला, 'आता'. पाणी हवं असलं तरी 'आता', राग आला तरी 'आता'. डोकं शाबूत आहे, तिला सगळं कळतं. कळतं म्हणूनच मला तिच्या डोळ्यांत बघायची भीती वाटायची.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे लग्नं सुरू होतात, आणि या वर्षी पहिलंच लग्न नणंदेच्या मुलीचं. दुसरी धवलारीण बघू या, असं मी हळूच सुचवून बघितलं. नणंद ऐकेना. "माझे पोरीला आईचेच धवले पायजेत," ती म्हणाली. "तू हायस ना. एवढी वर्षं मागं बसतेस, तुला येत न्हाय व्हय?" येतात की, असं मी म्हणून बसले. नणंदेसमोर नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता पहिला धवला म्हणून बघितला आणि तोंड उघडण्याआधीच अडले. मला शेपटं येत होती. सगळ्या ओळींची शेपटं तोंडपाठ, आणि डोकं एकाही ओळीचं नाही. आईने पुढून उचललं नाही तर माझ्या गळ्यातून काही निघतच नव्हतं. हातातलं पातेलं तसंच राहिलं. हळदीच्या पाटाभोवती सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघताहेत आणि माझी दातखीळ बसली आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. माझी शोभा झाली असती ती मी सोसली असती. पण मी अडले की ते धवले तिथेच संपणार होते. आईला येत होते आणि म्हणता येत नव्हते, मला म्हणता येत होतं आणि धवले येत नव्हते.

मोबाइलवर कुणाकडे तरी सापडतील म्हणून गावभर विचारलं. सगळ्यांकडे नवरी होती, हळदीतला नाच होता, डीजे तर भरपूर होता. आईने तोंड उघडलं की लोक मोबाइल खिशात टाकायचे बहुतेक. मग आठवला नवऱ्याचा जुना धंदा. तो पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचा. लोकांना दिलेल्या सीडीत धवल्यांवर सिनेमातली गाणी चढवलेली असत, तशीच मागणी होती. पण मूळ, न कापलेलं शूटिंग तो जपून ठेवायचा. पुढे ड्रोनवाले आले, धंदा बसला, जुनं मशीन भंगारात गेलं आणि हा जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर कामाला लागला. मूळ शूटिंगच्या दोन हार्ड डिस्क देव्हाऱ्याखालच्या कपाटात राहिल्या.

दोन होत्या, हीच गोम. जागा पुरेना म्हणून त्याने जुन्या मशीनमध्ये त्या दोन्ही जोडून एकच मोठी डिस्क केलेली होती. शालूशेल्याची गाठ मारल्यासारखं ते काम. दोघी एकाच वेळी लागल्या तरच काही उघडणार, एकटीला लावलं तर ती तोंड उघडणार नाही. बाहेरून यूएसबीच्या वायरने लावूनही भागत नाही, मशीनच्या आतच जोडाव्या लागतात. आणि माझ्या मशीनच्या आत डिस्कचे पोर्ट चार, त्यातले दोन खाऱ्या हवेने हिरवे पडून मेलेले, एकावर विंडोज. म्हणजे मोकळी जागा एक आणि पाहुण्या दोघी.

अलिबागच्या दुकानदाराने उपाय सांगितला. एक छोटं कार्ड मिळतं, ते मदरबोर्डवरच्या रिकाम्या खाचेत बसवायचं, त्याच्यावर जादा पोर्ट असतात. त्याला गावात यायला सवड नव्हती, मशीन घेऊन या म्हणाला. स्कूटरला मशीन बांधून आमच्या रस्त्याच्या खड्ड्यांतून न्यायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून कार्डच घेऊन आले. निघताना त्याने दोन गोष्टी बजावल्या. कार्ड हातात घेण्याआधी डब्याच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. आणि डिस्क जोडल्यावर मशीनने 'इनिशियलाइज' करू का असं विचारलं तर जीव गेला तरी हो म्हणायचं नाही. हो म्हटलं की डिस्क कोरी समजायची.

आदल्या दिवशी नवऱ्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तो तिकडून म्हणाला, "तुझ्यानं न्हाय व्हायचं. राहू दे तसंच, मी आलो का बघतो." तो येणार होता थेट हळदीच्या दिवशी. मग मी शिकणार कधी? फोन ठेवला तेव्हा भीतीपेक्षा राग जास्त होता, आणि त्या रागावर मी दुसऱ्या दिवशी डबा उघडायला बसले. राग उतरला तो पालीच्या अंड्यांपाशी.

अंडी कागदावर घेऊन परसात ठेवली. मग वीज बंद केली, प्लग काढला, काढल्यावर पुन्हा जाऊन बघितला. पत्र्याला हात लावला, अंगातली वीज उतरली का नाही ते कळेना, म्हणून बराच वेळ लावून ठेवला. खाचेसमोरची पत्र्याची पट्टी गंजून घट्ट बसली होती. तिच्या स्क्रूवर खोबरेल तेलाचा थेंब सोडून वाट बघत बसले. बाहेर वारा फिरलेला होता. समुद्राकडून येणारा आवाज रोजचा नव्हता, जेट्टीवरून सकाळच्या बोटी सुटल्या नाहीत असं कुणी तरी सांगून गेलं होतं. सासरे खळ्यावर भाताच्या झोडणीला गेलेले. घरात मी आणि आई, आणि तिचा डावा हात चादरीवरून इकडून तिकडे फिरत होता.

शेवटी पट्टी निघाली, तेव्हा कार्ड खाचेत ठेवलं आणि दाबलं. जाईना. आणखी दाबलं, तर खालचा बोर्ड वाकायला लागला. त्या बोर्डावर माझं सगळं दुकान, माझं पोट. सोडून द्यावं असं मनात आलं. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं आणि कट्‌ असा आवाज झाला. काय मोडलं म्हणून मी डोळेच मिटले. मोडलं काही नव्हतं, कार्ड बसलं होतं. कार्डाच्या एकेका पोर्टमधून एकेका डिस्कला वायर जोडली, करंटच्या वायरी लावल्या, प्लग घातला आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळाच. आता दुकानही गेलं आणि धवलेही गेले, नवऱ्याला काय सांगू, नणंदेला काय सांगू, असं सगळं एकदम डोक्यात आलं. तेवढ्यात पडद्यावर पांढरी अक्षरं सरकली आणि नेहमीचं निळं विंडोज उघडलं. मी देवाचं नाव घेत डिस्क दाखवणारी खिडकी उघडली, आणि उघडल्या उघडल्या तिच्यावर एक चौकट आली. एक डिस्क ओळखीची वाटत होती तिला, दुसरी नाही. दुसरीला इनिशियलाइज करू का, असं ती विचारत होती.

ओकेचं बटण निळं होऊन तयार होतं. दिवसभर गिऱ्हाइकं डोक्यावर उभी असतात, मशीनने काही विचारलं की वाचायच्या आधी एंटर मारायची मला सवय लागली आहे. बोट एंटरवर गेलं होतं. अगदी टेकलं होतं. ते उचलायला मला डाव्या हाताने उजवा हात मनगटापाशी धरावा लागला, इतकं अंग ताठलं होतं. मग माऊसने कॅन्सल दाबलं, मशीन बंद केलं आणि तिथेच जमिनीवर बसले. मला स्वतःचीच चीड येत होती.

दुसरी डिस्क बाहेर काढून उजेडात धरली तेव्हा कळलं. जिथे वायर बसते तिथे बारीक सोनेरी दात असतात, आणि त्या दातांवर लाल-पिवळं काही तरी वाळून घट्ट झालं होतं. हळदकुंकू. दसऱ्याला आमच्याकडे कामाच्या सगळ्या वस्तूंची पूजा होते. विळे, कोयते, नवऱ्याचा कॅमेरा, माझं झेरॉक्सचं मशीन. मुलाचा धंदा बसला तरी आईने या दोन डिस्कची पूजा सोडली नव्हती. पहिली प्लास्टिकच्या पिशवीत होती, म्हणून तिचं कुंकू पिशवीवर राहिलं. दुसरी उघडी. त्या काळ्या ठोकळ्यात तेवढा सोनेरी भाग आईला कपाळासारखा दिसला असणार, तिने ओलं कुंकू बरोबर तिथेच टेकवलं. दर वर्षी, मनोभावे.

पुसायचं, एवढंच काम होतं. आईच्या औषधांत स्पिरिट होतं, कान कोरायच्या कापसाच्या काड्या होत्या. सगळं घेऊन बसले आणि हात पुढे जाईना. नवऱ्याच्या वस्तूवरचं कुंकू मी पुसायचं. नवरा समुद्रावर, बाहेर असा वारा, आणि मी त्याच्या बायकोने बसून कुंकू पुसायचं. शिकलेली आहे मी, अलिबागच्या कॉलेजात पदवी घेतली आहे. पण ज्या घरात कुंकवाची डबी रिकामी झाली तरी 'संपलं' म्हणत नाहीत, 'वाढलं' म्हणतात, तिथे पदवी किती पुरणार? त्याला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. संपर्काच्या बाहेर. सकाळपासून मी त्याला फोन केला नव्हता, आणि आता तो लागत नाही म्हटल्यावर मला टगबोट उलटलेलीच दिसायला लागली.

आई बघत होती. मी डिस्क घेऊन तिच्या खाटेपाशी गेले. त्यावर तिचे धवले आहेत, कुंकवामुळे मशीनला वाचता येत नाहीत, असं सांगितलं. तिला किती उमजलं कोण जाणे. तिने डिस्ककडे बघितलं, कुंकवाकडे बघितलं, मग माझ्या कपाळाकडे. मला वाटलं आता ही चिडणार.

"आई, पुसू का?" मी विचारलं.

तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हातात अजून जोर आहे. माझ्या हातातली कापसाची काडी तिने मनगटासकट त्या दातांवर नेऊन टेकवली आणि तशीच दाबून धरली. "आता," ती म्हणाली.

मी पुसायला लागले. काडी लाल झाली, दुसरी घेतली, तीही लाल झाली. प्रत्येक काडीगणिक मी मनात काय काय बोलले ते सांगत नाही. दात स्वच्छ चमकायला लागल्यावर उठले, देव्हाऱ्यातून कुंकू आणलं आणि डिस्कच्या पाठीवर, जिथे नुसता पत्रा आहे तिथे, मोठं बोट लावलं. माझ्या कपाळावरही लावलं, होतं त्याच्यावरच. आईने मान हलवली.

डिस्क पुन्हा जोडून मशीन चालू करणार, तोच फोन वाजला. नवरा. दुपारभर त्यांची बोट धक्क्याला बांधून ठेवलेली आणि हा मेला जेवून झोपला होता, फोनची बॅटरी उतरलेली. काय करतेस, असं त्याने विचारलं. काही नाही, म्हटलं. आणि फोन ठेवून मी पदरात तोंड घालून रडले. आईने सगळं बघितलंच होतं ते बरं झालं, तिला कारण सांगावं लागलं नाही.

या वेळी चौकट आली नाही. दोन्ही डिस्क दिसल्या, आणि मशीनने त्यांना 'फॉरेन' म्हटलं. पुन्हा जीव टांगला. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला घाबरू नका, दुसऱ्या मशीनच्या आहेत एवढंच त्याचं म्हणणं, 'इम्पोर्ट' करा. ते दाबताना माझं बोट किती वेळ हवेत होतं ते आईलाच माहीत. दाबलं, आणि लग्नांच्या फोल्डरांची रांग उघडली. आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायला लावलं, कारण आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते. लाइट दोनदा लुकलुकली, यूपीएस ओरडला, मी खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. शेवटचं फोल्डर उतरेपर्यंत मी पाणीही प्यायले नाही.

मग लावायचं राहिलं, आणि त्याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटली. तिचाच गळा तिला ऐकवायचा? ती काय गमावून बसली आहे हे तिच्या कानाशी नेऊन वाजवायचं? मागे शेजारच्यांच्या मोबाइलवरून हळदीचं गाणं नुसतं वाऱ्यावर आलं तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. दुसऱ्या खोलीत कानात वायर घालून एकटीने ऐकावं, असं मी ठरवलंही. पण ती टक लावून पडद्याकडे बघत होती, आणि तिच्यापासून तिचेच धवले लपवायचं धाडस मला झालं नाही.

लावलं. आधी भांड्यांचा, पोरांचा गलका. मग आई. खणखणीत, जरासा नाकातून येणारा, मांडवाच्या पलीकडे जाईल असा आवाज. पहिली ओळ तिने उचलली, तिच्या मागे शेपूट ओढत एक कोवळा आवाज आला, तो माझा. मी आईकडे बघायला घाबरत होते. बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने तोंड फिरवलं नव्हतं. दोन ओळी झाल्या आणि तिने डावा हात उचलून आडवा हलवला. बंद कर. मी बंद केलं. केलं ते चुकलं, असं मला वाटलं, आणि मी माफी मागणार एवढ्यात तिने तेच बोट माझ्याकडे रोखलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. बोट हललं नाही. मग मी गळा साफ केला आणि आत्ताच ऐकलेली पहिली ओळ उचलली, पडक्या आवाजात, खाली बघत. ओळ संपली. संपल्यावर जे शेपूट मागून यायला हवं ते कोण ओढणार, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मागे कुणी नव्हतंच. मी थांबणार होते.

खाटेवरून आवाज आला. शब्द तुटके होते, काही तर शब्दच नव्हते. पण चाल पक्की होती, आणि शेवटचा सूर जिथे लांबवायचा तिथे तिने तो लांबवला, श्वास पुरेपर्यंत. या घरात आल्यापासून मी तिला मागून गाताना कधी ऐकलं नव्हतं. ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली, आणि आता पुढची ओळ उचलायची होती ती मला. मी उचलली.